रणगाड्याचा ड्रायव्हर

पेट्रोलचा वास आला की दोन हजार सालच्या सुमाराचा, कॅनडातल्या स्कारबरोतला आमचा पहिला हिवाळा आठवतो. ऐंशीच्या घरातल्या एका जर्मन घरमालकाच्या बेसमेंटमध्ये आम्ही राहायचो. एका सकाळी बर्फ हटवायच्या स्नो ब्लोअरमध्ये पेट्रोल ओतता ओतता त्यांचा हात थांबला. दुसऱ्या महायुद्धात ते जड रणगाड्यांच्या बटालियनमध्ये ड्रायव्हर होते. "माघार घेताना पेट्रोल संपलं," बर्फाकडे बघत ते म्हणाले. "रणगाडा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून उडवायचा हुकूम आला. आमचा तोफ डागणारा गनर पाय अडकून आतच होता, जिवंत. स्फोटकं मी लावली." मी नुसतं "अच्छा" म्हणालो, त्यांच्या हातातून कॅन घेतला आणि घरासमोरचा सगळा ड्राइव्हवे साफ केला. खाली आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणत होते काका?" "काही नाही, थंडी वाढणार म्हणाले." तिला मी ते अजूनही सांगितलेलं नाही.