हातदाखवे मामा

संध्याकाळी सुट्टीची घंटा झाली की मामा कारखान्याच्या गाळ्याच्या दारात उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, "हात दाखव!" शाळेत नखं तपासतात ना, तसं. आपण दोन्ही पंजे पुढे करायचे. मामा ते एकदा वरून, एकदा खालून बघणार आणि म्हणणार, "बरां. जा घरी." ते ऐकल्याशिवाय सुट्टी झाल्यासारखं वाटायचंच नाही.

मी पॅकिंगला नवी लागले तेव्हा मला भलताच संशय आला. "काय हो, चोरटी वाटले की काय मी?" मी फणकारले. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. मामा हसले. "चोरलंस तर ने गो बाये. बोटां तेवढी हंयसर टाकून जाव नको." मग माझीच मला लाज वाटली आणि मी मुकाट्याने हात पुढे केले.

कांजूरमार्गच्या त्या गाळ्यात डब्यांची झाकणं बनायची. प्रेसखाली पत्रा सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून घाव बसला की झाकण तयार. हात वेळेत निघाला नाही तर त्याचंही झाकण. म्हणून प्रेसच्या तोंडाला नटबोल्टने आवळलेली लोखंडी जाळी असे, आणि ती जाळी म्हणजे फिटरमामांचं दैवत. मालवणकडचा माणूस, एरवी मऊ. पण काम भराभर उरकावं म्हणून कुणी जाळी सैल केलेली दिसली की संपलंच! "आवशीन तुका हेच्यासाठी वाढवल्यान?" असा आवाज थेट रस्त्यापर्यंत जायचा.

सदू सगळ्यात जास्त चेष्टा करायचा. हा आमच्याच वस्तीतला. गिरण्यांच्या संपात घरी बसला आणि मग मिळेल त्या पगारावर आमच्याकडे प्रेसवर लागला. ऐंशीच्या दशकात अशी माणसं उपनगरातल्या शेठलोकांना ढिगाने मिळायची. "मामा, रोज रोज हात दाखवून अवलक्षण कशाला?" सदू म्हणायचा, आणि पंजे नाचवत निघून जायचा. मामा मागून ओरडायचे, "मेल्या, नीट दाखव!"

त्या वर्षीची खंडेनवमी मी विसरणार नाही. सकाळी मशीनं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या. शेठाणीबाईंना प्रेसच्या आतल्या डायला, म्हणजे साच्याला, हळदकुंकू वाहता यावं म्हणून मामांनी जाळी काढून ठेवली. मग आपले पान्हे, हातोड्या, पक्कड धुऊन पाटावर मांडली आणि हात जोडले. पूजेतलं हत्यार दसरा झाल्याशिवाय उचलायचं नाही, पूजलेलं मशीन त्या दिवशी चालवायचं नाही, हा आमचा सगळ्यांचाच रिवाज. आम्ही पेढे खाऊन घरी निघणार, तोच शेठ आला. गिऱ्हाइकाचा टेम्पो दारात उभा होता आणि झाकणं कमी पडत होती.

"शेठ, आज चालवचा नाय," मामा म्हणाले.

"अरे, पूजा झालीय ना? आज मशीन कुणाला चावणार नाही. सदू, बस तू."

नाही म्हणायची सदूची प्राज्ञा नव्हती. मामा जाळी घेऊन पाटाजवळ गेले. पान्हा समोर होता, कुंकू लावलेला, वर फूल. मामांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मी बघितलं ते. पूजेतला पान्हा कसा उचलायचा? ते तसेच उभे राहिले आणि तेवढ्यात सदूची किंकाळी आली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. झेंडूची माळ रक्ताने भिजली होती.

त्या दिवसापासून मामा दारात उभे राहिनासे झाले. आम्ही आपले खाली माना घालून बाहेर पडायचो. फार वाईट वाटायचं.

सदूने भरपाईसाठी दावा लावला, तर शेठ म्हणाला, जाळी सदूनेच काढली! कामगाराने मुद्दाम जाळी काढली असेल तर मालक काही देणं लागत नाही, असा कायदा. शेठने मामांना आत बोलावलं. "मामा, तुम्ही खोटं बोलू नका. फक्त गप्प बसा. नोकरीची चार-दोन वर्षं राहिलीत, कशाला वाट लावून घेता?" मामा बाहेर आले आणि आपल्या कामाला लागले. मला वाटलं, बसणार गप्प. मनातल्या मनात मी त्यांना लाख शिव्या घातल्या.

सदूच्या बायकोबरोबर मी कोर्टात गेले होते. मामा पिंजऱ्यात उभे राहिले आणि कुणी विचारायच्या आधीच बोलले, "साहेब, जाळी मी काढलंय."

"मग परत का बसवली नाही?" साहेबांनी विचारलं.

"पान्हो पूजेत होतो."

शेठचा वकील फिसकन हसला. साहेब हसले नाहीत. मामा पुढे म्हणाले, "देवाक भियालंय, साहेब. देव कायएक बोललो नसतो. पान्हो उचलूक होयो होतो."

निकाल सदूच्या बाजूने लागला, पण तो पुढे. मामांना मात्र दुसऱ्याच दिवशी शेठने सांगितलं, उद्यापासून येऊ नका. संध्याकाळी मामा डबा पिशवीत घालून निघाले, तर दारात सदू. अपघातानंतर हा माणूस उजवा हात खिशातून काढत नसे, बायकोसमोरसुद्धा. त्याने तो काढला. दोन्ही हात मामांच्या पुढे धरले.

मामांनी तोंड फिरवलं. "नको रे, सदू."

"बघा ना, मामा. नीट दाखवतोय आज."

आम्ही सगळे मागे थांबलो होतो. मामांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. एकदा वरून बघितला, एकदा खालून. ते ढसाढसा रडत होते, आम्हीही रडत होतो, आणि सदू तसाच हात पुढे धरून उभा होता.

"मामा, बरां म्हणा ना," तो म्हणाला. "त्याशिवाय मी घरी कसा जाऊ?"