उंबरे काढलेलं घर

घरात मराठी, गल्लीत कानडी आणि कचेरीत इंग्रजी, असा संताजीरावांचा दिवस तीन भाषांत जाई. घराणं शहाजीराजांच्या मागोमाग बंगळूरला आलेलं, पण ते स्वतः १९६१ साली दंडूत, म्हणजे कँटोन्मेंटात, एका एजन्सीत कारकून होते. ज्यांना आपली घरं सांभाळणं जमत नसे, त्यांच्या वतीनं भाडेकरू ठेवायचे, डागडुजी बघायची, हे एजन्सीचं काम. घरमालकांशी केलेले करार दरवर्षी पुन्हा वाचून कुठं काही खटकतंय का ते बघायचं, हे संताजीरावांचं.

एरवी काही खटकत नसे. त्या वर्षी गंगव्वांच्या करारापाशी गाडं अडलं.

गंगव्वा मूळच्या बेळगावकडच्या. नवरा वारल्यावर त्या मल्लेश्वरमला लेकीकडे गेल्या आणि चिकपेटमागचं घर त्यांनी एजन्सीच्या हवाली केलं. तिथं हयवदन नावाचे निवृत्त मास्तर भाड्यानं राहत. पुढं त्यांच्या बायकोची, भाग्यलक्ष्मीची, दृष्टी गेली. उंबऱ्यांना अडखळून ती सारखी पडू लागली, तेव्हा मास्तरांनी सुतार बोलावला आणि घरातले सगळे उंबरे उखडून टाकले. विचारलं कुणालाच नाही.

करारात एका कलमात होतं, परवानगीवाचून मोडतोड करणाऱ्या भाडेकरूला एजन्सीनं बाहेर काढावं. दुसऱ्यात होतं, मालकीण स्वतः जशी वागली असती तसंच एजन्सीनं वागावं. संताजीरावांचं डोकं भणभणलं. ते साहेबांकडे, सुधींद्ररावांकडे गेले.

"सर, यातलं कुठलं पाळायचं?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं जमेल?"

"मग बाईंनाच विचारा. तुमचीच भाषा बोलतात की."

गंगव्वांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "माझे उंबरे काढले? रोज हळदकुंकू लावत होते रे मी त्यांना! चल, दाखव."

दोघं जटक्यातून, म्हणजे टांग्यातून, चिकपेटला गेले. दारात गंगव्वांनी सवयीनं पाय उंच उचलला, तो सपाट जमिनीवर धपकन पडला आणि त्यांचा तोल गेला. संताजीरावांनी सावरलं. आत स्वयंपाकघरातून भाग्यलक्ष्मी कॉफी घेऊन आली. भिंतीला हात न लावता, सरळ. पेल्यातला थेंबही सांडला नाही. गंगव्वा तिच्याकडे बघतच राहिल्या. कॉफी प्याल्या आणि मग मास्तरांवर घसरल्या.

"बिनउंबऱ्याचं घर म्हणजे काय धर्मशाळा आहे का, मास्तर?"

मास्तर रिकामे पेले गोळा करू लागले.

"चुकलं, अक्का," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "पण मी आता पडत नाही."

परतताना संताजीरावांनी विचारलं, "काय लिहू, अक्का?"

"काढा त्यांना, लिही." जटका पेठेबाहेर पडला. "थांब. काढू नका, लिही." मल्लेश्वरम आलं तरी ते काढा-नको चालूच होतं.

शेवटी संताजीराव काकुळतीला आले. "अक्का, तुम्ही स्वतः काय केलं असतं, तेवढं सांगा."

"ते मला कळलं असतं, तर घर तुमच्या गळ्यात कशाला घातलं असतं?"

संताजीरावांनी करारावर 'मला समजत नाही' असा शेरा मारून तो साहेबांकडे पाठवला. साहेब भडकले. त्यात पुढच्याच आठवड्यात गंगव्वांनी घर परत मागून घेतलं. गिऱ्हाईक गेलं म्हणून साहेबांनी संताजीरावांना फैलावर घेतलं. मग ते 'मालकीण स्वतः'वालं कलम सगळ्या करारांतून काढून टाकलं आणि बरी नजरेस आणलीत गोष्ट, म्हणून पाठही थोपटली. आपल्याला बोलणी बसली की शाबासकी मिळाली, हे संताजीरावांना घरी पोचेपर्यंत उमगेना. सोयराबाईंनी, त्यांच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. "सरी, बरं, आता जेवून घ्या," एवढंच त्या म्हणाल्या.

दोनेक वर्षांनी गंगव्वा देवळात भेटल्या. मास्तर आणि भाग्यलक्ष्मी अजून त्याच घरात होते. गंगव्वा दर शुक्रवारी तिथं जाऊन कॉफी पीत आणि मास्तरांशी भांडत.

"अक्का, घर काढून का घेतलंत?" संताजीरावांनी अखेर विचारलंच.

"राग आला होता बघ."

"मास्तरांचा?"

"छे!"

"मग माझा?"

"ते काही आता आठवत नाही," गंगव्वा म्हणाल्या, आणि संताजीरावांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून प्रदक्षिणेला निघून गेल्या.