गोड खाणारीची साक्ष

माझी सासू माझी सख्खी आत्या आहे. आमचं घराणं मूळचं वर्ध्याकडचं, आणि मामाची मुलगी करायची रीत आमच्यात तीन पिढ्यांपासून चालत आलेली. मीही फार विचार केला नाही. माहेरीही भिलाई, सासरीही भिलाई, स्मृति नगरातलं पाहिलेलं घर.

मुलगी सहा महिन्यांची झाली, तिला केळं भरवलं आणि दिवस फिरले. केळं, मध, शिऱ्याचा घास, काहीही गोड पोटात गेलं की ती ओकायची, पांढरीफटक पडायची, घामाने भिजायची. यकृत सुजलं. इथले डॉक्टर झाले, दुर्गचे झाले, शेवटी रायपूरला एक जनुकांची डॉक्टर भेटली. फळांत आणि आपल्या साखरेत जी एक साखर असते, ती पचवणारं द्रव्य या मुलीच्या अंगात नीट बनत नसावं, असा तिला संशय आला. रक्त तपासलं. एका जनुकात बदल सापडला, एक प्रत माझ्याकडून आणि एक नवऱ्याकडून. पण हा बदल जगात कुठे नोंदलेलाच नव्हता. त्यामुळे रिपोर्टवर शेरा होता: अर्थ अनिश्चित. डॉक्टर म्हणाली, प्रत्येकाच्या अंगात असे निरुपद्रवी बदल पुष्कळ असतात, पुराव्याशिवाय याला दोषी ठरवता येणार नाही. तोवर गोड मात्र बंद ठेवा.

मी प्लांटच्या लॅबमध्ये पोलादाचे नमुने तपासते. निकाल शंकेचा आला की आम्ही माल 'होल्ड'वर टाकतो. दुसरा नमुना येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे तो शेरा मला लगेच कळला. सासूबाईंना तो वेगळाच कळला.

"डॉक्टरनीच त लिहून देल्लं, पक्कं नाही म्हनून. मंग पोरीले कावून तरसवून राहिली तू?"

आणि माझी पाठ वळली की बोटभर गूळ, चिमूटभर प्रसाद. एकदा शेजारणीने ठेठरी-खुरमी पाठवली. ठेठरी खारी, ती पोरगी मजेत चघळते. सासूबाईंनी तिच्या तोंडात गुळाची खुरमी घातली. तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो आणि तिच्या हाताला ग्लुकोजची सुई होती, ती साखर तिला चालते. मी मुळातच तापट बाई. त्या दिवशी आत्या बघितली नाही, सासू बघितली नाही, तोंडाला येईल ते बोलले.

"कागद दाखव मंग, पक्का," त्या म्हणाल्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरने सहज विचारलं, घरात आणखी कुणी गोड टाळतं का? मी खुर्चीवरून उठलेच. बोरसीची मोठी आत्या, सासूबाईंची थोरली बहीण! लग्नात जिलबी परत करणारी, हळदीकुंकवात पेढा पदरात बांधून घरी नेणारी. माहेरी नखरेल, सासरी गर्विष्ठ, असं तिचं नाव झालेलं.

रविवारी बोरसी गाठली. साठीची आत्या लहान मुलीसारखा आ करून बसली आणि मी टॉर्च मारला. एकाही दाताला कीड नाही. अशा माणसांचे दात किडत नाहीत, हे डॉक्टरने मला सांगून ठेवलं होतं.

"गोड खाल्लं का मले मरनाची मळमळ होते व," ती म्हणाली. "कोनाले सांगू? ऐकतच नोते कोनी."

तिचं रक्त घेऊन मी रायपूरला मोठ्या ऐटीत गेले. डॉक्टर म्हणाली, हे अर्धंच झालं. गोड खाणारे कुठे आहेत? त्यांच्यातही दोन प्रती निघाल्या तर आपला दावाच कोसळेल. आयुष्यभर लॅबमध्ये चांगल्या नमुन्याशी वाईट नमुना ताडून पाहणारी मी, घरच्या बाबतीत साफ विसरले होते! माझे बाबा लगेच तयार झाले. उरल्या सासूबाई, एका बैठकीत सहा पुरणपोळ्या खाणाऱ्या.

त्यांनी तर आनंदाने हात पुढे केला. "घे. माह्या रक्तात काहीच निघनार नाही. मंग पाहू तुही डॉक्टरीन का म्हनते त."

"बरं आत्या," मी म्हटलं. इतकी गोड मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

काही आठवड्यांनी निकाल आला. मोठ्या आत्याला दोन प्रती. बाबांना एक. सासूबाईंना एक. एक प्रत असलेले सगळे पुरणपोळी पचवतात, दोन असलेल्या दोघीही नाहीत. बाकी पुरावा डॉक्टरने जोडला आणि लॅबने शेरा बदलून दिला: बहुधा रोगकारक. त्यातल्या 'बहुधा'ची किंमत मला ठाऊक होती. आणखी एखादं कुटुंब सापडलं की तोही जाईल. पण माझ्या पोरीचा निकाल होल्डवरून सुटला होता. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मी नवऱ्याचे दोन्ही हात धरून उड्या मारल्या. लोक बघत होते, बघोत.

घरी मी रिपोर्ट मोठ्याने वाचला.

"ताईले दोन, अन् मले एक?" सासूबाईंनी विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "लहानपनी आईनं तिच्या तोंडात लाडू कोंबला होता. हात मी धरले होते. ताई बेसुद पडली, त आमी म्हनलं नाटक करते."

मला त्यांचा जेवढा राग येत होता तेवढीच आता दया आली. संध्याकाळी शेजारीण प्रसाद घेऊन आली, तेव्हा दारात आडव्या आल्या त्या सासूबाई. पोरीला काय चालतं, काय नाही, सगळं त्यांनीच तिला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच गाडीत बसल्या आणि आम्ही बोरसीला गेलो. मोठ्या आत्याने रिपोर्ट हातात घेतला. इंग्रजी तिला येत नाही.

"यात माहं नाव हाये?"

"नाव नाही. पण तुझ्या रक्तामुळेच हे ठरलं, असं लिहिलं आहे."

"म्हनजे मी नाटकं नोती करत."

"नाही व ताई," सासूबाई म्हणाल्या, आणि बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडल्या.

मोठी आत्या रडली नाही. एका हाताने तिने बहिणीला थोपटलं आणि दुसऱ्या हाताने कागद माझ्यापुढे धरला.

"याची झेराक्स काढून दे मले. सासरच्या एकेकाले वाचाले देतो."

मी दहा काढून आणल्या.