माझ्या नावाचं मेडल

आमच्या स्विमिंग क्लबचे गुल्हाने सर आज पहाटे गेले, आणि मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.

सकाळपासून जुन्या ग्रुपवर सगळे हात जोडून राह्यले. कोणी लिहिलं, "वर्ध्याचे द्रोणाचार्य."

ते एक बरोबर लिहिलं.

मी देवळीची. शेतकऱ्याची पोरगी. बाबांनी कमरेला दोर बांधून शेतातल्या विहिरीत पोहायला शिकवलं. आठवीला वर्ध्यात मावशीकडे राहायला आले, पिपरीला, आणि क्लबच्या टँकवर जायला लागले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. टँकवर पोरी मोजक्याच. काठावर बघे मात्र भरपूर.

सरांना शिकवता यायचं, हे नाकारत नाही. विहिरीत मी नुसते हातपाय मारायची. ब्रेस्टस्ट्रोक त्यांनी दिला.

दमून कठडा धरला, की त्यांचा लांब बांबू बोटांवर पडायचा.

माझ्या बोटांवर. मीनलच्या नाही.

मीनल क्लबच्या अध्यक्षांची मुलगी. बाजारात त्यांचं कापडाचं मोठं दुकान. माझ्यापेक्षा मोठी होती आणि पोहायची छान. तिच्यावर माझा राग नाही.

त्या वर्षी राज्य स्पर्धा पुण्याला होती. ट्रायलमध्ये माझ्या वयोगटात मी पहिली आले. सरांनी शाळेचा दाखला मागितला, मी आणून दिला. मावशीनं खास पुण्यासाठी नवा टॉवेल घेतला.

मग एक दिवस सर म्हणाले, या वेळी तुझं नाव बसलं नाही. पुढच्या वर्षी बघू.

काऊन, ते विचारायची हिंमत नव्हती. टॉवेल घडी करून ठेवून दिला.

टीम पुण्याला जाऊन आली. पाठोपाठ नागपूरच्या पेपरात बातमी आली, माझ्या नावासकट. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये रौप्यपदक.

देवळीच्या बसस्टँडवर कोणीतरी ती बाबांना वाचून दाखवली. बाबांना वाटलं, पोरगी पुण्याला जाऊन आली, कळवायचं राहून गेलं असेल. त्यांनी गावात पेढे वाटले. तो पेपर आणि उरलेला पुडा घेऊन एसटीनं थेट मावशीकडे आले.

मी ओट्याशी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

मी म्हटलं, बाबा, मी गेलेच नाही.

त्यांना आधी ते समजेचना. पेपर पुन्हा उघडला, नावावर बोट ठेवलं. मग चप्पल घातली, आणि आम्ही दोघं टँकवर गेलो.

सर काठावर शिट्टी घेऊन उभे होते. त्यांनी लपवलं पण नाही. मीनलचं वय त्या गटात बसत नव्हतं, म्हणून तिला माझ्या नावावर उतरवलं होतं. अध्यक्षांना घरात मेडल हवं होतं.

वर बाबांनाच म्हणाले, "काऊन तणतण करून राह्यले जी? नाव तं तुमच्याच पोरीचं झालं ना?"

बाबा शेतकरी माणूस. सरांपुढे कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी पण आवाज चढवला नाही.

"पण पाण्यात कोण होतं, सर?"

सर हसले. पोरांना शिट्टी मारून पुढच्या लॅपला लावलं.

बाबा गावी परतले. ज्या ज्या घरी पेढा दिला होता, त्या त्या घरी पुन्हा गेले. म्हणाले, माझी पोरगी पोहली नाई, पेपरात चुकीचं आलं आहे.

माझ्या बापाला दारोदार जाऊन हे सांगावं लागलं.

आणि लोकांनी काय अर्थ काढला? पोट्टीनंच काही झोल केला असेल. शाळेत पोरी मला "डुप्लिकेट" म्हणायला लागल्या.

क्लबमधून मला काढलं. कारण काय, तर घरचे भांडायला येतात, शिस्त बिघडते. सरांनी सांगितलेलं ते पुढचं वर्ष माझ्यासाठी आलंच नाही.

शाळेकडून एकदा जिल्हा स्पर्धेत उतरले. त्याच टँकवर. जिंकले. बक्षिसाला बोलावताना सर माइकवरून म्हणाले, आपली पुण्याची मेडलिस्ट.

बक्षीस देणाऱ्या बाईंना मी सांगितलं, मी पुण्याला कधी गेलेच नाही. त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि मला पुढे सरकवलं.

त्यानंतर मी स्पर्धेत उतरले नाही.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी अल्लीपूरला एका लग्नात मीनल भेटली. हात धरून तिनंच मला बाजूला नेलं.

तिनं सांगितलं, की मोठ्या गटात, स्वतःच्याच नावावर पोहू द्या म्हणून ती सरांच्या मागे लागली होती. तिथं मेडल येणार नाही, सर म्हणाले. घरी वडिलांनीही गप्प बसवलं.

"नंदा, मेडल द्यायच्या स्टँडवर तुझं नाव पुकारलं आणि मी मान पुढे केली. स्टेटला मेडल आणलं, हे मला आजपर्यंत सासरी सांगता आलं नाई."

मी विचारलं, मेडल कुठे आहे?

तिच्याकडेही नव्हतं. परतीच्या गाडीतच सरांनी मागून घेतलं. क्लबच्या कपाटात लावायला.

एवढी वर्षं मी समजत होते, की त्यांनी एका पोरीला फसवलं.

आज बातमी मला मीनलनंच फोनवर दिली. बराच वेळ बोललो. अंत्ययात्रा दुपारी आहे. ती जाणार नाही. मीही नाही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं ग्रुपवर मला सांगायला येऊ नका. माझे बाबाही गेलेत. त्यांच्याबद्दल गाव काय बोललं, ते मी ऐकलं आहे.

सर, तुम्ही ब्रेस्टस्ट्रोक चांगला शिकवला. माफी कधी मागितली नाही.

मीही केलं नाही माफ.

या आता. श्रद्धांजली बाकीचे वाहतीलच.