दुसरा गिटारवाला

बोरीत राहायचो तेव्हा मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. एका दोस्तानं मला अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांची कॅसेट दिली. तिच्यातली गिटार ऐकून मी गारच पडलो. खाली जाड तारांवर ठेका चाललेला आणि वर बारीक तारांवर सूर लाह्यांसारखे फुटायलेत. दोघं वाजवायलेत, हे मी धरूनच चाललो. त्यातल्या एकाचं वाजवणं गिरवत बसलो आणि जोडीला दुसरा गिटारवाला मिळंना म्हणून घरात सगळ्यांवर चिडायचो.

एकदा कॅसेट चालू असतानाच शिवारातल्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्या. व्होल्टेज पडलं, बल्ब लाल झाला आणि टेप रेंगाळायला लागला. गाणं म्हशीच्या चालीनं चाललं. तेव्हा ध्यानात आलं, की अवघड जागी सूर जरा अडखळला की ठेकाही तेवढाच अडखळतो. दोन माणसं इतकी सोबत अडखळत नाहीत. वाजवणारा एकच होता. तारा छेडायच्या चिमटीतल्या चकतीनं तो ठेका धरायचा आणि मोकळ्या बोटांनी सूर उचलायचा. मी टेपपुढं हात जोडले.

व्होल्टेज पडलं की गाव शिव्या द्यायचं, मी रेंगाळत्या टेपपुढं गिटार घेऊन बसायचो.

एका दुपारी ठेका आणि सूर दोन्ही पहिल्यांदा सलग जमले. आतून आई म्हणाली, "कोण आलंय रे? बस म्हणावं, चहा ठेवायलेय."

मी वाजवतच राहिलो. आई दोन कप घेऊन बाहेर आली.