सायबरची पहिली बॅच

मे महिन्यात आमच्या कॉलेजात तास नसतात, पण आम्हाला सुट्टीही नसते. शिक्षकांना तालुके वाटून दिले जातात आणि बारावी झालेल्या मुलांच्या घरी जाऊन ॲडमिशन आणायला सांगितलं जातं. सायबर सिक्युरिटीची तीन वर्षांची पदवी आमच्याकडे सुरू झाली त्या वर्षी माझ्या वाट्याला चांदवड आलं. मी तासिका तत्त्वावर शिकवते. प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा पास होऊन बरीच वर्षं झाली, कायमच्या जागा भरत नाहीत. दर वर्षी नवीन अर्ज, नवीन मुलाखत. त्यामुळे सांगतील ते काम करायची सवय झालेली आहे.

चांदवडला मी नऊ घरं फिरले. सातव्या घरी ती भेटली. वडील तिथल्याच एका शाळेत शिपाई होते, आई अंगणवाडीत. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मुलीचं बारावीचं मार्कशीट चिकटपट्टीने लावलेलं. मुलीने नर्सिंगचा फॉर्म भरून ठेवला होता. तिची एक मावशी नाशिकला नर्स होती, तिनेच तो भरायला लावला होता.

वडिलांनी आमचं माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, हे सायबर म्हंजे नक्की काय हाय?"

"बँकेतून बोलतोय असं सांगून फोनवर लोकांना फसवतात ना? तशा चोरांना पकडायला शिकलेली माणसं लागतात. ती आम्ही तयार करतो."

"म्हंजे पोलिसासारखं."

"तसंच म्हणा."

"आन् नोकरी लागंल?"

"लागणारच," मी म्हणाले. माहितीपत्रकात तसं छापलं होतं. ते मीच टाइप केलं होतं, विभागप्रमुखांनी सांगितलं तसं.

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मला कॉम्प्युटर आवडतो." घरी कॉम्प्युटर नव्हता. शाळेच्या ऑफिसात वडिलांच्या साहेबांनी तिला कधीतरी बसू दिलं होतं, तेवढाच. नर्सिंगचा फॉर्म मागे राहिला. मावशी रागावली असं मला नंतर कळलं.

पहिल्या बॅचला एकोणीस मुलं होती. चांदवडची ती मुलगी रोज एसटीने नाशिकला यायची, द्वारका चौकात उतरून सिटीबस धरायची, आणि पहिल्या तासाला दहा-पंधरा मिनिटं उशिरा येऊन मागच्या बाकावर बसायची. दम लागलेला असायचा, पण बसता बसता वही उघडलेली असायची.

शिकवायला मी होते आणि माझ्यासारखे अजून दोघं. मी एमएस्सी कॉम्प्युटर आहे. सायबरचे विषय मी स्वतः कधी शिकले नव्हते. अभ्यासक्रम आला, त्यातल्या शब्दांचे अर्थ इंटरनेटवर शोधले, व्हिडिओ पाहिले आणि वर्गात जाऊन उभी राहिले. फायरवॉल शिकवताना मी फळ्यावर विटांची भिंत काढली. एका बाजूला ढग काढला, तो इंटरनेट. मुलांनी भिंत आणि ढग वहीत उतरवून घेतला. लॅबमध्ये वीस मशीन होती, त्यातली सात-आठ चालायची. प्रॅक्टिकलला लागणारी सॉफ्टवेअर टाकायला विभागप्रमुखांनी परवानगी दिली नाही. त्यांना वाटायचं, त्याने ऑफिसच्या मशीनमध्ये व्हायरस येईल. म्हणून प्रॅक्टिकलच्या तासाला मी स्क्रीनचे फोटो वाटायची आणि मुलं ते जर्नलमध्ये चिकटवायची.

दुसऱ्या वर्षी एकदा ती जर्नलवर सही घ्यायला आली. सही झाली तरी गेली नाही.

"मॅडम, एक विचारू? हे तुम्ही कधी स्वतः केलंय का?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. तिला राग आल्यासारखं दिसलं नाही. "मी मोबाइलवर थोडं करून बघते," ती म्हणाली. "एसटीत रेंज असते पिंपळगावपर्यंत." आणि खरंच ती करायची. माझ्या फळ्यापेक्षा पुढचं काहीतरी तिला येऊ लागलं होतं. कधी कधी ती मला विचारायची आणि मला प्रश्नच कळायचा नाही. मी म्हणायची, उद्या बघून सांगते. काही वेळा सांगितलं, बहुतेक वेळा राहून गेलं. हळूहळू तिने विचारणं बंद केलं.

तिसऱ्या वर्षी नोकरीच्या मुलाखती घ्यायला कंपन्या बोलवायच्या होत्या. मोठ्या कंपन्यांना आमच्या पत्रांचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही. शेवटी एकच आली, नाशिकमधल्याच इंदिरानगरची. चांगले कपडे घातलेले दोघं तरुण आले. त्यांनी फायरवॉलचं काही विचारलं नाही, पासवर्डचंही नाही. मुलांना इंग्रजीतून बोलायला लावलं आणि आवाज ऐकला. तिच्यासह चौघांना घेतलं. आठवड्याभरात गेटवर फ्लेक्स लागला. चौघांचे फोटो, खाली 'सायबर सुरक्षा क्षेत्रात निवड'. तिचे वडील मुद्दाम चांदवडहून आले, फ्लेक्सखाली उभे राहिले आणि मला त्यांचा फोटो काढायला सांगितला. शाळेत त्यांनी पेढे वाटले होते. माझ्यासाठीही एक पुडा आणला होता.

कामावर लागून तिला दोन आठवडे होत आले होते. दुपारी तिचा फोन आला. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते.

"मॅडम, तिसऱ्या युनिटमधलं आहे हे," ती म्हणाली.

मला कळेना. मग तिने सांगितलं. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ऑफिस होतं. खिडक्यांना काळे पडदे. पहिल्या दिवशी तिला इंग्रजीतला कागद दिला आणि पाठ करायला सांगितला. परदेशातल्या लोकांना फोन करायचा, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय म्हणायचं, घाबरवायचं, मग मदत करतो म्हणून त्यांचं मशीन ताब्यात घ्यायचं. त्यानंतरचं काम आतल्या खोलीतले लोक करायचे. तिसऱ्या युनिटमध्ये मी हेच शिकवलं होतं, समोरच्याला बोलण्यात गुंतवून कसं फसवतात ते. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि तिने चार पानं उत्तर लिहिलं होतं. मीच तपासलं होतं.

"पहिल्याच दिवशी ओळखलं मी," ती म्हणाली.

"मग लगेच का नाही सोडलंस?"

"पप्पांनी सगळ्या शाळेला सांगितलंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "चार दिवस मी नुसती बसून राहिले, फोन लागत नाही म्हणायची. पाचव्या दिवशी साहेब शेजारी येऊन बसले. एक बाई होती मॅडम, म्हातारी. एकटी राहते म्हणाली. मी सांगत गेले तसं ती करत गेली. शेवटी मला थँक्यू म्हणाली."

तिच्या मागे गाड्यांचे आवाज येत होते. ती रस्त्यावर उभी होती. मी म्हणाले, "आधी तिथून बाहेर पड. घरी जा."

"पोलिसात जाऊ का? तुम्ही याल माझ्याबरोबर?"

"उद्या सांगते," मी म्हणाले.

मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, "तुम्ही पाहिलंय का ते ऑफिस?"

"नाही. पण ती खोटं बोलणार नाही."

"मी म्हणत नाही ती खोटं बोलते. पण तिने स्वतः फोन केलाय ना? पोलीस आधी कोणाला विचारतील? तिचंच नुकसान होईल. आणि ॲडमिशन सुरू व्हायच्यात, मॅडम. तुमच्याही नेमणुकीच्या ऑर्डरवर सही व्हायचीय."

हे ते धमकीच्या सुरात बोलले नाहीत. मला खुर्ची दिली होती, चहा मागवला होता. मी तो प्याले. जिना उतरताना मी स्वतःला सांगत होते की तिचं नुकसान होऊ नये म्हणून मी गप्प बसतेय. सही मात्र माझ्याच ऑर्डरवर व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून सांगितलं की पोलिसात जाऊ नकोस, गुपचूप नोकरी सोड, कोणाला काही बोलू नकोस. तिने 'बरं' म्हटलं. मी येते म्हणाले असते तर ती गेली असती, याबद्दल मला शंका नाही. उरलेल्या तिघांपैकी दोघं तिथेच राहिले. त्यांतला एक म्हणाला, परदेशातल्याच लोकांना फसवतात, आपल्या नाही. काही महिन्यांनी ते ऑफिस तिथून हललं, कुठे गेलं माहीत नाही. फ्लेक्स मात्र पावसाळा संपेपर्यंत होता.

तिने दोन ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणी अनुभव विचारला, एका ठिकाणी प्रॅक्टिकल करून दाखवायला सांगितलं. तिथल्या मशीनवर तिचे हात चालले नाहीत. चांदवडला तहसीलजवळच्या एका सेवा केंद्रात ती बसू लागली. उत्पन्नाचे दाखले, आधारचे पत्ते, शिष्यवृत्तीचे फॉर्म.

पदवीचं प्रमाणपत्र घ्यायला ती पुढच्या वर्षी आली. हिवाळा होता. खिडकीवर सही करून तिने प्रमाणपत्र घेतलं आणि स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी तिला कॅन्टीनला नेलं. वडिलांची चौकशी केली.

"बरे आहेत. मी पगार कमी म्हणून सोडलं असं सांगितलंय त्यांना. ते अजून म्हणतात, थोडं थांबायला पाहिजे होतं."

"खरं का नाही सांगत?"

"मग त्यांना त्या बाईचंही सांगावं लागेल," ती म्हणाली. "तिचं नाव माहितीये मला, मॅडम. गाव पण. एकदा वाटलं शोधून फोन करावा. पण माझा आवाज ऐकला तर ती घाबरेल."

मला माफी मागायची होती. नेमकी कशाची, हे ठरवता ठरवता चहा संपला. तिची अडीचची गाडी होती. प्रमाणपत्राला दुमड पडू नये म्हणून तिने ते जर्नलच्या पुठ्ठ्यात घालून पिशवीत ठेवलं, मला 'येते' म्हणाली आणि गेटकडे गेली.

माझा तास होता. आता सायबरची चौथी बॅच आहे, एकाच वर्षाच्या तीन तुकड्या झाल्यात. मी वर्गात गेले, हजेरी घेतली. चौसष्ट मुलं होती.