विलास आणि मिंगेल

आमचे मुख्याध्यापक कधी वर्गाच्या दारापर्यंत येत नाहीत. काही असलं तर शिपायाला पाठवतात. त्या दिवशी ते स्वतः आले, दारात चपला काढल्या आणि म्हणाले, "बाई, पुस्तकं राहू द्या. घरी चला." काढलेल्या चपला पाहूनच मला कळलं… बेलापूरच्या पेठेत आमचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता विलास स्टुलावर टेकले आणि पुन्हा उठले नाहीत. उभ्या संसारात मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. आता इथे लिहिताना मारते आहे.

गावाला ते फुटबॉलवाले म्हणून ठाऊक. चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत शिकले आणि थेट मुंबईच्या एका व्यावसायिक क्लबात गेले. स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. देशभरातल्या क्लबांचा एक कप असतो. त्यात दुसरी संधी नाही, हरला तो घरी. त्या कपाच्या उपांत्यपूर्व सामन्यात समोर गोव्याचा संघ होता आणि त्यांच्यात मिंगेल नावाचा फॉरवर्ड. सगळा सामनाभर त्याने विलासना नाचवलं. अखेरीला तो पुन्हा सुटला, विलास घसरत त्याच्यावर गेले… आणि मिंगेलचा पाय गुडघ्याखाली मोडला. रेफ्रीने साधा फाउलही दिला नाही. उरलेल्या वेळात विलासच्या क्लबाने गोल केला आणि सामना जिंकला. मिंगेल पुन्हा कधी खेळला नाही. उपांत्य सामन्यात विलास मांडी दुखते म्हणून बाहेर बसले, क्लब हरला, आणि पुढच्या मोसमाच्या करारावर त्यांनी सही केली नाही. तरी गावाने ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली. "पोरगं मान खाली घालून बसलं हुतं, जनू कुनाच्या मयताला चाललंय," सासूबाई सांगायच्या.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला माझा भाऊ अंगणात ऊस घेऊन बसला आणि त्याने तो गुडघ्यावर घालून कडाड मोडला. विलास उठून घरामागे गेले. मी पाणी घेऊन गेले, तर भिंतीला धरून ओकत होते. "पित्त हाय," म्हणाले. पुढे दर वर्षी कारखाना सुरू झाला, की पेठेतून उसाच्या ट्रॉल्या जायच्या, येणारे-जाणारे ऊस ओढून तिथेच मोडायचे, आणि विलास भर दुपारी शटर ओढून आत अंधारात बसायचे. झोपेत त्यांचा उजवा पाय झटका द्यायचा, एखादी वस्तू लाथाडावी तसा. त्या पायावर हात ठेवून झोपायची मी सवय लावून घेतली. बिचारा माणूस, न केलेल्या गुन्ह्याने झुरतोय, असं मला वाटायचं.

एका मे महिन्यात त्यांनीच विषय काढला. "गोव्याला जायचं. मिंगेलला भेटायचं." जुन्या खेळाडूंकडून त्यांनी पत्ता मिळवला होता. मडगावच्या बाहेर लहानसं घर. दार मिंगेलनेच उघडलं, काठी टेकत. ओळख सांगावी लागली नाही. त्याच्या बायकोने चहा आणला. मीच आधी म्हणाले, "अपघातच होता तो, पण ह्यांनी फार मनाला लावून घेतलं…" मिंगेलने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याने विलासना विचारलं, "तू यायच्या आधीच बॉल माझ्या पायातून गेला होता. तुला दिसलं होतं?"

मी नकाराची वाट पाहत होते.

"दिसलं हुतं," विलास म्हणाले. "लई पळवलं हुतंस मला. राग आल्ता."

मिंगेलच्या बायकोने हातातला कप खाली ठेवला. मिंगेल म्हणाला, "सगळे अपघात म्हणाले. डॉक्टर, क्लब, ही माझी बायकोसुद्धा. मीच एकटा खोटा पडलो." मग तो शांतपणे म्हणाला, "चहा घ्या. आणि निघा."

विलासनी माफी मागितली नाही. चहा संपवला, हात जोडले, आणि आम्ही निघालो. परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी बोलले नाही. घरी आल्यावरही कित्येक दिवस त्या पायावर हात ठेवायला मी धजावत नव्हते… मग पुन्हा ठेवू लागले. का, ते मला सांगता येणार नाही. पाय तसाच झटके देत राहिला.

विलासना पुरून आल्यानंतर मी मिंगेलला फोन करून ते गेल्याचं सांगितलं.

"गोव्याहून गेल्यावर त्याला झोप लागायची?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"मला लागायला लागली," तो म्हणाला. "त्याला सांगायचं राहिलं."

गोव्याहून आल्यापासून विलास संध्याकाळी शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवत. या मुलींचा बचाव बघणाऱ्याला भित्रा वाटतो. समोरून फॉरवर्ड आली, की आमच्या संघातली मुलगी अंगावर जात नाही. हात पाठीमागे बांधते आणि तिच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरकते, वाट अडवत. त्यामुळे दोन-चार सामने हरल्याही. मुलींनी कुरकुर केली, तरी विलासनी दुसरं काही शिकवलं नाही.

परवा शाळा सुटल्यावर मी मैदानाच्या कडेला थांबले. आता त्यांना कोणी सांगणारं नाही, तरी स्टॉपरच्या जागी खेळणारी मुलगी तशीच मागे सरत माझ्याच दिशेने येत होती. तिची पाठ, पाठीवर घट्ट बांधलेले दोन हात… मी बाजूला व्हायला हवं होतं. झाले नाही.